इंजिन बदलले, मग गाडी तीच का?

या मालिकेत आपण ‘ओळख’ या संकल्पनेविषयी बोलतो आहोत. वस्तू बदलत राहते आणि तरी आपण तिला ‘तीच’ म्हणतो, ते कशाच्या आधारावर? आजचे उदाहरण जरा तेलकट आहे. जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणायची आणि तिचे इंजिन बदलायचे, तर तयारी कशी करतात ते पाहू. प्रश्न आम्ही ओढूनताणून आणलेला नाही. आर.टी.ओ.त तो विचारला जातो, विमा उतरवताना विचारला जातो, आणि गाडी वडिलांची असेल तर घरातही विचारला जातो.

आम्ही चार निवृत्त मंडळी गेले वर्षभर एका स्नेह्यांच्या प्रीमियर पद्मिनीच्या मागे लागलो आहोत. पाना फिरवतात ते मिस्त्री. आम्ही बॅटरी धरतो आणि वही लिहितो. गाडी १९७८ सालची, म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावरची. ती घेतली होती स्नेह्यांच्या वडिलांनी.

आधी गाडीची थोडी ओळख. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचा आराखडा कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इथे आणला, आणि १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ झाली. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सी.सी.चे, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ताकद साधारण ४० अश्वशक्ती. इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स, मग लांब प्रोपेलर शाफ्ट, आणि ओढ मागच्या चाकांना.

आता महत्त्वाची गोष्ट. ट्रकला खाली वेगळी चासी असते, वर बॉडी बसवलेली असते. पद्मिनीत तसे नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. इंजिनाचे वजन, चाकांचे धक्के, सगळे तोच पत्रा झेलतो. म्हणून इंजिन बदलायचे मनात आले की पहिली नजर इंजिनावर नको, पत्र्यावर हवी. पायाखालचा फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, पुढचे सस्पेन्शन जिथे बोल्टने धरलेले असते त्या जागा, या सगळ्या तपासायच्या. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा कमी आणि लांबी जास्त आहे असे समजा. खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर गंज. सांगाडाच खचलेला असेल तर नवे इंजिन बसवणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर नवी कौले चढवणे.

पत्रा बरा निघाला, मग जुन्या इंजिनाची परीक्षा. आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे नेहमीचे उदाहरण कोणते? डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. गॅरेजातही तेच चालते, फक्त धूर सायलेन्सरमधून येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा येत राहिला तर सिलिंडरमध्ये पाणी शिरत असावे. पण नैयायिक आपल्याला बजावतील की एका धुरावर थांबू नका, निळ्या धुराची कारणे दोन असू शकतात.

म्हणून कॉम्प्रेशन तपासायचे. इंजिन थोडे गरम करून चारही प्लग काढतात, कॉइलची वायर सोडवतात, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवतात आणि एकेका सिलिंडरचा दाब मोजतात. चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दुखणे आहे. मग कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅसकेटमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर बहुधा त्यांच्यामधले गॅसकेटच गेलेले असते. अशा वेळी कित्येकदा इंजिन बदलायची गरजच नसते, गॅसकेट बदलून काम भागते.

आमच्या गाडीत ऑइल घातल्यावर दाब वाढला. हेड उघडले. सिलिंडर पूर्वीच बोअर करून मोठे केलेले, आणि पुन्हा झिजलेले. इथे तीन वाटा फुटतात, आणि प्रत्येक वाटेची तयारी वेगळी असते.

पहिली वाट म्हणजे तेच इंजिन नव्या स्लीव्ह घालून भरायचे. दुसरी म्हणजे त्याच जातीचे दुसरे इंजिन आणायचे. तिसरी म्हणजे आधुनिक इंजिन बसवायचे. स्नेह्यांच्या मुलाचा ओढा तिसरीकडे. त्याच्या मनात मारुती जिप्सीचे १२९८ सी.सी.चे, ८० अश्वशक्तीचे इंजिन. “काका, शास्त्र काहीही म्हणो, बोरघाट न तापता चढला पाहिजे,” हे त्याचे म्हणणे. म्हणणे रास्त आहे. पण मग मोजमापाला बसावे लागते. ऑइलचा संप खालच्या आडव्या पट्टीला अडतो का? स्टिअरिंगचे दांडे मोकळे फिरतात का? रेडिएटर आणि पंखा यांत अंतर उरते का? गिअरबॉक्स बदलला की प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते आणि त्याच्या सांध्यांचा कोनही. तो चुकला तर गाडी थरथरते. मूळचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, नव्याचा खाली, म्हणजे फ्लोअर कापणे आले. फ्युएल इंजेक्शन असेल तर टाकीपासून जास्त दाबाचा पेट्रोल पंप, परतीची नळी, कॉम्प्युटर आणि त्याचे सगळे वायरिंग आले.

आणि ब्रेक. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक, ४० अश्वशक्तीच्या हिशेबाने दिलेले. वेग दीडपट झाला की गाडीची गतिज ऊर्जा सव्वादोनपट होते आणि ती सगळी ब्रेकला जिरवावी लागते. ताकद दुप्पट करायची आणि ब्रेक तेच ठेवायचे, याला सुधारणा म्हणता येणार नाही.

आता कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील आणि उत्पादकाने ठरवलेला तपशील यांत मालकाला परस्पर फरक करता येत नाही. इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. दुसरीकडे, २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनाची व्याख्या आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी, असा तिचा आशय. म्हणजे पन्नाशीच्या तोंडावर जिप्सीचे इंजिन बसवले की तो दर्जा हातचा जाणार. काम सुरू करण्याआधी कार्यालयात विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

गंमत पाहा. १९९२ साली हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये इसुझूचे १८०० सी.सी.चे इंजिन बसवले आणि गाडी अ‍ॅम्बॅसॅडरच राहिली. प्रीमियरने ११८ एन.ई. काढली तेव्हा सांगाडा फियाटच्या वळणाचा आणि इंजिन निस्सानच्या. कारखान्याने केले की ते ‘मूळ’, मालकाने केले की ‘फेरफार’. म्हणजे मूळपण पत्र्यात नसते का? मग ते असते कुठे?

मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद तुम्हाला आठवत असेल. राजा रथातून आला होता. नागसेनांनी विचारले, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. निष्कर्ष असा की ‘रथ’ हे भागांच्या आधाराने चालणारे व्यवहारातले नाव आहे. वैशेषिकांना हे पटणार नाही. त्यांच्या मते वस्त्र म्हणजे नुसते धागे नव्हेत, धाग्यांत राहणारा एक स्वतंत्र ‘अवयवी’ आहे. पण त्याची किंमतही ते मोजतात. एक धागा निघाला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या धाग्यांचा नवा ‘खंडपट’ जन्मतो. त्या हिशेबाने आमचे मिस्त्री रोज सकाळी नवी गाडी उघडतात! इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याने आणखी एक पेच घातला. थीसियसच्या जहाजाच्या काढलेल्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते?

आमच्या स्नेह्यांपुढे हाच पेच आला. घरात बोलणे होऊन त्यांनी दुसरी वाट निवडली. इंजिन मिळाले ते मुंबईतल्या भंगारात निघालेल्या पद्मिनी टॅक्सीचे. मुंबईच्या रस्त्यांवरून या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या उतरल्या. हजारो अनोळखी माणसांना वाहून नेलेले ते इंजिन. स्नेही विचारू लागले, “मग ही वडिलांची गाडी राहील का हो?”

आमचे उत्तर असे. वडिलांनीही तिचे टायर, क्लच प्लेट, बॅटरी बदललीच होती, आणि सिलिंडर एकदा बोअर केले ते त्यांच्याच काळात. तेव्हा कुणाला शंका आली नाही, कारण प्रत्येक बदल घरात माहीत होता. बदलाने ओळख तुटत नाही. बदल लपवला की ती तुटते. इंजिनाचा नंबर घासून टाकणे, गंजावर लांबी फासून गाडी विकणे, यात फसवणूक आहे, आणि तिथे ‘तीच गाडी’ हे शब्द खोटे ठरतात. काय बदलले, कधी, का आणि कुणी, याचा अखंड हिशेब जोवर कुणीतरी ठेवतो आहे तोवर ‘तीच’ म्हणण्याला आधार आहे.

म्हणून तयारीतले पहिले हत्यार वही. इंजिन उतरवण्यापूर्वी बॅटरी काढा, पाणी आणि ऑइल सोडून द्या, पेट्रोलची नळी बंद करा. प्रत्येक वायरला आणि नळीला चिठ्ठी बांधा, फोटो घ्या, बोल्ट पिशव्यांत घालून वर जागेचे नाव लिहा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, खाली स्टँड हवेतच. येणाऱ्या इंजिनाबरोबर त्याच्या जुन्या गाडीचे कागद घ्या. शक्यतो काही कापू नका. बोल्टने बसेल ते बोल्टने बसवा, म्हणजे पुढच्या पिढीचे मत बदलले तर परतीची वाट राहील. जुने इंजिन भंगारात देऊ नका. सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, भोके बंद करा, कोरड्या जागी झाकून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी क्रँक हाताने फिरवा.

आमच्या स्नेह्यांचा अर्ज सध्या कार्यालयात आहे. मंजुरी येईपर्यंत टॅक्सीचे इंजिन स्टँडवर आणि वडिलांचे त्याच्या शेजारी, असे दोन्ही एकाच ताडपत्रीखाली आहेत. पुढच्या वेळी आपण वस्तूकडून माणसाकडे वळू, आणि स्मृती गेली तर माणूस तोच राहतो का, ते पाहू. तोवर तुमच्या शंका अवश्य पाठवा.