नाव जुळले, पण माणूस तोच का?

शाळेत जुना दाखला मागायला कुणी आले, की गुरुजी नुसत्या नावावर दाखला देत नाहीत. वडिलांचे नाव, गाव, जन्मतारीख असे सारे ताडून पाहतात. एकाच नावाची दोन-तीन माणसे सहज निघतात ना! घराण्याचा मूळपुरुष शोधणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. इंग्लंडातले एक उदाहरण पाहा.

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून सुमारे शंभर माणसे इंग्लंडहून अमेरिकेत गेली आणि त्यांनी प्लिमथ ही वसाहत वसवली. त्यांपैकी एक स्टीफन हॉपकिन्स. हा मूळचा कुठल्या गावचा, असा प्रश्न पुढे त्याच्या वंशजांना पडला. वॉटन-अंडर-एज या गावी याच नावाच्या माणसाची नोंद सापडली. झाले! तेच त्याचे गाव म्हणून छापले जाऊ लागले. आधार काय, तर नाव सारखे.

मग खरे गाव सापडले कसे? वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने जहाजावरच्या माणसांची यादी लिहून ठेवली होती. तीत हॉपकिन्सची बायको एलिझाबेथ आहे. पण जाइल्स आणि कॉन्स्टन्स ही मुले आधीच्या बायकोची, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे बापाबरोबर मुलांचीही नावे हाती आली.

हॅम्पशर परगण्यातील हर्स्ली गावच्या चर्चच्या दप्तरात ती एकत्र मिळाली. तिथे कॉन्स्टन्सचा बाप्तिस्मा, म्हणजे नामकरणाचा विधी, १६०६ साली झाला. जाइल्सचा १६०८ साली. त्यांची आई मेरी हिला मे १६१३ मध्ये तिथेच पुरले. पुढे १६१८ साली लंडनमध्ये स्टीफन हॉपकिन्सचे एलिझाबेथ फिशरशी लग्न झाल्याची नोंद आहे. कडीला कडी जुळली! हा शोध १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि जुने गाव बाद ठरले.

यात वंशजांना नुसते गाव मिळाले असे नव्हे. अमेरिका न पाहताच गेलेली त्यांची आजी मेरी, जिचे नावही त्यांना ठाऊक नव्हते, तीही सापडली.

तुम्ही वंशावळ लिहायला बसाल, तेव्हा स्वतःपासून मागे जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. पुरुषांबरोबर आया, आज्या आणि लेकी यांचीही नावे लिहा, आणि प्रत्येक नावापुढे ते कुणी सांगितले किंवा कुठल्या कागदात मिळाले, तेही टिपून ठेवा.