पडलेली डिस्क आणि घरचें दप्तर

जुन्या वाड्यांतून दप्तरें असत. जाड कापडाच्या रुमालांत बांधलेल्या सनदा, जन्मपत्रिका, हिशेबाच्या वह्या, देण्याघेण्याचे रोखे हें सर्व माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या फडताळांत पडलेलें असे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं असे कागद गांवोगांव हिंडून मिळविले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें व अशा दप्तरांस हक्काचें घर मिळालें. तोंपर्यंत किती रुमाल वाळवीनें खाल्ले आणि किती रद्दींत गेले, याची गणती कोणीं ठेविली नाहीं.

आजच्या घराचें दप्तर रुमालांत नसतें. तळहातावर मावणाऱ्या एका चपट्या डबींत तें असतें, आणि त्या डबीस आपण हार्ड डिस्क म्हणतों. मुंजींचीं व लग्नांचीं छायाचित्रें, आजींच्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण, जमिनीचे उतारे, कुलवृत्तान्ताचीं टांचणें, सारें कांहीं तींत असतें. एक टेराबाइट मापाच्या डिस्कमध्यें चार मेगाबाइटचीं सुमारें अडीच लाख छायाचित्रें मावतात. वाळवी रुमाल पानापानानें खाते. घरच्यांस सावध होण्यास वर्षें मिळतात. ही डबी मात्र टेबलावरून खालीं पडली कीं एका क्षणांत मुकी होते. तथापि ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, डबी पडल्याबरोबर तींतला मजकूर सहसा नाहींसा होत नाहीं. बहुधा तो वाचणारें यंत्र मोडतें. मजकूर हातीं लागेल कीं नाहीं, हें पडल्यानंतरच्या पहिल्या तासांत घरचीं माणसें काय करितात यावर पुष्कळ अवलंबून असतें. तेवढें नीट समजावें म्हणून हा लेखप्रपंच.

डबीच्या आंत काय आहे?

ज्यांनीं जुना ग्रामोफोन पाहिला आहे त्यांस ही रचना चटकन् उमजेल. आंत कांचेची किंवा ॲल्युमिनियमची, आरशासारखी गुळगुळीत तबकडी असते व तिजवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ लेप असतो. सर्व मजकूर या लेपावर सूक्ष्म चुंबकीय खुणांच्या रूपानें लिहिलेला असतो. सुईच्या जागीं एका बारीक दांडीच्या टोंकास ‘हेड’ नांवाचा वाचक असतो. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें अशा प्रकारचें पहिलें यंत्र बाजारांत आणिलें. त्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरें मावत. आज त्याच्या दोन लक्षपट मजकूर खिशांत मावतो.

ग्रामोफोनशीं असलेलें साम्य मात्र येथेंच संपतें. ग्रामोफोनची सुई तबकडीस टेंकलेली असते. डिस्कचें हेड तबकडीस कधींही टेंकतां कामा नये. तबकडी मिनिटास बहुधा ५,४०० फेरे घेते. अडीच इंची डिस्कच्या कडेजवळ हा वेग ताशीं सुमारें ६५ किलोमीटर भरतो. त्या वेगानें उत्पन्न होणाऱ्या हवेच्या थरावर हेड तरंगतें, आणि दोहोंमधील अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर असतें. माणसाचा केंस सुमारें ऐंशीं हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे केंस तर राहोच, धुळीचा साधा कणही या फटींत पर्वतासारखा आहे.

डिस्क बंद झाली कीं, हल्लींच्या बहुतेक फिरत्या डिस्कांत, हेडें तबकडीवरून उचलून बाजूच्या उतारावर नेऊन ठेविलीं जातात. म्हणून बंद डिस्क पडली तर ती वांचण्याचा संभव बराच असतो. चालूं डिस्क पडली तर मात्र हेड तबकडीवर आपटतें व वेगानें फिरणारा लेप खरवडला जातो.

दुखणें कोणतें?

वैद्य जशी नाडी पाहतो तसा येथें कान लावावा. डिस्कमधून ठराविक अंतरानें ‘टिक्, टिक्’ असा आवाज येत असेल तर हेड आपली जागा शोधतें आहे व त्यास ती सांपडत नाहीं असें समजावें. बारीक ‘बीप्’ असा आवाज येत असेल तर हेड तबकडीस चिकटून बसलेलें असतें, किंवा फिरविणारी मोटर अडकलेली असते. खरखर ऐकूं आली तर तबकडी घासली जात आहे. हीं तिन्ही लक्षणें गंभीर होत. आवाज मुळींच नसेल तर दोष विजेच्या पट्टींत किंवा तारेंतही असूं शकतो, आणि तो पुष्कळदां साध्य असतो. हल्लीं प्रचारांत आलेल्या एसएसडी या प्रकारांत फिरणारी तबकडीच नसते. ती पडल्यानें सहसा बिघडत नाहीं, पण बिघडते तेव्हां कसलाही आवाज न करितां बिघडते.

पहिल्या तासांत

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. गौरी-गणपतींस सर्व भाऊ एकत्र जमले आहेत. थोरल्या काकांनीं दहा वर्षें खपून जमविलेली कुलवृत्तान्ताची सामुग्री डिस्कमधून दाखविण्याचें चाललें आहे. तोंच धाकट्या पुतण्याचा पाय तारेंत अडकतो आणि चालूं डिस्क फरशीवर पडते. मुलास रागें भरण्यांत कांहीं वेळ जातो. मग एक भाऊ ती आपल्या संगणकास लावून पाहतो, दुसरा टेलिव्हिजनला लावतो, तिसरा हलकेच थापटतो, जांवईबापू शीतपेटींत ठेवण्याचा उपाय सुचवितात. संध्याकाळपर्यंत ती वीस वेळां लावली जाते. आठ दिवसांनीं तज्ज्ञ सांगतो कीं तबकडीवर वर्तुळाकार चरा पडला आहे व तेवढा भाग कायमचा गेला. मुलाच्या पायानें बहुधा हेड तेवढें वांकलें होतें. तें वांकलेलें हेड मिनिटाला ५,४०० फेऱ्यांच्या वेगानें तबकडीवर घासण्याचें काम मोठ्या माणसांनीं केलें. बोल मात्र जन्मभर त्या पोरास लागतो.

म्हणून पहिला नियम असा: डिस्क पडली आणि आवाज विचित्र येऊं लागला कीं तार काढावी व पुन्हां लावूं नये. ‘एकदांच पाहूं’ हा शब्द घरांत कोणीं उच्चारूं नये.

दुसरा नियम: डबी उघडूं नये. आपल्या दिवाणखान्यांतील हवा कितीही स्वच्छ दिसली तरी तींतील धूळ हेडाच्या फटीपुढें दगडधोंड्यांसारखी आहे.

तिसरा नियम: शीतपेटी, तांदुळाचा डबा, थापट्या, हे उपाय वर्ज्य समजावे. थंड डिस्क बाहेर काढतांच तिजवर दंव धरतें. डिस्क पाण्यांत भिजली असेल तर ती उन्हांत किंवा गरम वाऱ्यावर वाळवूं नये, कारण पाण्यांतील क्षार व गाळ तबकडीवर सुकून घट्ट बसतात. ओलसर फडक्यांत गुंडाळून, बंद पिशवींत घालून, ती शक्य तितक्या लवकर तज्ज्ञाकडे द्यावी.

चौथा नियम: संगणकानें ‘फॉरमॅट करूं काय?’ असें विचारलें तर नाहीं म्हणावें. डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्रॅमही चालवूं नये. दुखऱ्या डिस्कवर कांहींही लिहिणें म्हणजे जुन्या बखरीच्या पानांवर नवा हिशेब मांडणें होय.

डिस्क पडलेली नसून, आवाजही स्वच्छ असून, केवळ दिसत नसेल तर दुसरी चांगली तार घेऊन ती एकवार संगणकास थेट जोडून पाहण्यास हरकत नाहीं. मजकूर दिसूं लागला तर दुरुस्तीच्या मागें न लागतां अत्यंत मोलाचा भाग आधीं उतरवून घ्यावा. जाणकार मनुष्य ‘डीडीरेस्क्यू’सारख्या साधनानें सबंध डिस्कची प्रतिमा काढतो, तें साधन सोपा भाग प्रथम वाचतें व अवघड जागा शेवटीं घेतें. पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावे, मूळ डिस्कवर नव्हे.

तज्ज्ञाकडे जातांना

हेड बदलण्याचें काम धूळविरहित खोलींत, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचें हेड काढून करावें लागतें. तें खर्चाचें असतें व यशाची हमी कोणीं देऊं शकत नाहीं. कोणी दुकानदार ‘येथेंच उघडून पाहतों’ म्हणेल तर डिस्क परत घ्यावी. विजेची पट्टी दुसऱ्या डिस्कची बसविली कीं काम झालें, ही समजूतही आतां जुनी झाली. प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापें पट्टीवरील एका चिपमध्यें नोंदलेलीं असतात. ती चिप न बदलतां नुसती पट्टी बदलून बहुधा भागत नाहीं. कांहीं फिरत्या डिस्कांत तर मजकूर सांकेतिक स्वरूपांत लिहिला जातो व त्याची किल्ली मूळ पट्टीशींच निगडित असते. तेव्हां जुनी पट्टी कधींही टाकूं नये. तपासणीचें शुल्क किती, मजकूर न मिळाल्यास काय द्यावें लागेल, मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्यापूर्वीं पाहतां येईल काय, घरगुती मजकूर गुप्त राहील काय, हे चार प्रश्न आधींच विचारावे. आणखी एक: कंपनीच्या हमीवर नवी डिस्क मिळते, मजकूर मिळत नाहीं. मोडकी डिस्क बदलून घेण्यास पाठविली कीं आंतील दप्तर तिजबरोबर गेलें.

या विद्येची शक्ति केवढी आहे हें एका दुःखद प्रसंगानें जगास दाखविलें. १ फेब्रुवारी २००३ रोजीं ‘कोलंबिया’ हें अवकाशयान पृथ्वीवर परततांना टेक्ससच्या आकाशांत भंगलें व कर्नालची कन्या कल्पना चावला हिच्यासह सात अंतराळवीर मृत्यु पावले. पडलेल्या अवशेषांत एक जळकी हार्ड डिस्क सांपडली. तज्ज्ञांनीं तिच्या तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या यंत्रांत बसविल्या, आणि सुमारें ९९ टक्के मजकूर हातीं आला. क्सेनॉन वायूवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. आकाशांतून जळत पडलेली डिस्क बोलती झाली, याचें एक कारण असें कीं मधल्या काळांत ती कोणीं ‘लावून पाहिली’ नाहीं.

दुसरी प्रत

तरीही खरें औषध दुखण्यापूर्वींचेंच. मोलाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी प्रत घराबाहेर असावी. या शेवटच्या अटीचें मर्म पुणेकरांस सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां नदीकांठच्या घरांतून पुस्तकें, कागद, छायाचित्रें एकाच दिवशीं वाहून गेलीं. एका कपाटांतील दोन प्रती म्हणजे पुरापुढें एकच प्रत.

एकत्र कुटुंबांत ही सोय इतरांहून सुलभ आहे. एक प्रत थोरल्या घरीं, दुसरी परगांवच्या भावाकडे किंवा लेकीच्या सासरीं ठेवतां येते. उणीव असते ती जबाबदारीची. सर्वांची वस्तु ती कोणाचीच नव्हे, असें होऊं नये. म्हणून घरांतील एका व्यक्तीस, मग ती सून असो वा नातू, या दप्तराचें काम नेमून द्यावें. दसऱ्यास सरस्वतीपूजनाच्या वेळीं पोथ्यांबरोबर डिस्काही पाटावर मांडाव्या. पूजा झाल्यावर त्या एकेक करून लावून, फाइली खरोखर उघडतात कीं नाहीं हें पाहावें. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. चारपांच वर्षें वापरलेल्या डिस्कवरील मजकूर नव्या डिस्कवर उतरवून घ्यावा. डिस्क चालूं असतां ती सपाट जागीं, तार वाटेंत येणार नाहीं अशी ठेवावी. एवढी तजवीज असली म्हणजे एखाद्या मुलाच्या हातून डिस्क पडली तरी जाईल तें यंत्र जाईल, आणि त्या पोरासही कोणाचें बोलणें खावें लागणार नाहीं.