घर व वाडीसाठी अॅल्युमिनियमची सरकती शिडी

वसई-विरार पट्ट्यात पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, पन्हळी साफ करणे, फांद्या छाटणे यांसाठी शिडी लागतेच. बांबूची शिडी पावसात कुजते, लोखंडी शिडी खाऱ्या हवेत गंजते. अॅल्युमिनियमची शिडी हलकी व टिकाऊ असते. निवड करताना पुढील बाबी पाहाव्यात.

लांबी : १० फुटांचे दोन भाग म्हणजे २० फूट शिडी नव्हे. दोन्ही भाग किमान ३ फूट एकमेकांवर राहावेत व छपराच्या कडेवर ३ फूट शिडी असावी. म्हणून ही शिडी सुमारे १३ फूट उंचीपर्यंतच पुरते.

भार : आपल्या वजनात टोपली व अवजारांचे वजन मिळवूनच भारक्षमता ठरवावी.

बांधणी : पायांना रबर, पायऱ्यांना खाचा व दोन्ही बाजूंचे खटके पक्के बसणारे असावेत.

मांडणी : १२ फूट उंचीसाठी शिडीचा पाय भिंतीपासून ३ फूट दूर ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अॅल्युमिनियम हा विजेचा उत्तम वाहक आहे. वाडीवरून तारा जात असतील, तर शिडी १० फुटांच्या आत नेऊ नये. ओला बांबूही सुरक्षित नसतो. तारेलगतच्या फांद्यांसाठी महावितरणकडून वीजपुरवठा बंद करून घ्यावा, मगच कोयता हाती घ्यावा.