तेलाचा लिटर आणि तेलाचा किलो

दुकानात गोडेतेलाचे दोन डबे शेजारी असतात, एक 15 किलोचा, दुसरा 15 लिटरचा. दुसरा स्वस्त वाटतो, पण त्यात तेलही कमी असते. किती कमी, ते घनतेवरून कळते.

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. खाद्यतेलाची घनता साधारण 0.91 ग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजेच 0.91 किलो प्रति लिटर. आकडा बदलत नाही, कारण वरखाली दोन्हीकडे हजारपटच होते. घनमीटरमध्ये मात्र हजार लिटर मावतात, म्हणून तिथे 910 किलो लिहायचे.

आता 15 लिटर गुणिले 0.91, म्हणजे 13.65 किलो. किलोच्या डब्यापेक्षा तब्बल 1.35 किलो कमी! उलट 15 किलोला 0.91 ने भागले की जवळजवळ साडेसोळा लिटर येतात. भावही असाच ताडून पाहावा: लिटरला 140 रुपये असतील, तर किलोला सुमारे 154 पडले. लिटरवरून किलोचे वजन काढताना गुणायचे, पण किलोचा भाव काढताना भागायचे. गफलत बहुधा इथेच होते.

तापमानही लक्षात घ्यावे. तेल तापले की फुगते आणि घनता उतरते. एक लिटर सोयाबीन तेल 21 अंश सेल्सिअसला सुमारे 919 ग्रॅम भरते, 60 अंशांना जेमतेम 893. काही उत्पादक पाकिटावर असे चढे तापमान छापत. म्हणून 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून आकारमानासोबत वजनही छापायला सांगितले, हे फार बरे झाले. पाकिटावरचे ग्रॅम वाचा आणि भाव त्यावरूनच ठरवा.