लॅटिनच्या ढालीमागचा देश

रोम बुडून तेराशे वर्षं उलटली, तरी १८४३ मध्ये झाग्रेबच्या साबोरमध्ये, म्हणजे क्रोएशियाच्या विधिमंडळात, सरदार-जमीनदार अजून लॅटिनमध्येच वाद घालत होते!

वेडेपणा वाटतो, पण त्यात मोठी हुशारी होती. क्रोएशिया हॅब्सबर्ग सम्राटाचा अंकित आणि हंगेरीच्या राज्याशी बांधलेला. व्हिएन्नाकडून जर्मनचा रेटा, हंगेरीकडून हंगेरियनचा. लॅटिन कुणाचीच नव्हती, म्हणूनच ती ढाल म्हणून उपयोगी पडली. ती शिकलेल्या मूठभरांचा मान त्यात आपोआप राखला जाई, हेही खरंच.

२ मे रोजी नुकतीच लष्करी नोकरी सोडलेला २६ वर्षांचा इव्हान कुकुल्येविच साक्त्सिन्स्की या सभागृहात उभा राहिला आणि चक्क क्रोएशियनमध्ये बोलला. कचेऱ्यांत आणि शाळांत आपली भाषा हवी, ही त्याची मागणी. साबोरमधलं त्या भाषेतलं हे पहिलं राजकीय भाषण मानतात. आणि या पठ्ठ्याने तरुणपणी कविता केल्या होत्या त्या जर्मनमध्ये! २३ ऑक्टोबर १८४७ रोजी त्याच्याच प्रस्तावावरून क्रोएशियन राजभाषा झाली.

मला मात्र भाषणापेक्षा त्यापुढची चाळीस वर्षं जास्त थक्क करतात. भाषेला हक्क मिळाला, आता तिच्या माणसांचा पूर्वेतिहास कागदोपत्री उभा करायचा होता. १८५० मध्ये त्याने दक्षिण स्लाव्हांच्या इतिहासासाठी मंडळ काढलं, वर्षभरात नियतकालिक सुरू केलं. दाल्मेशिया, अल्बेनिया, कोर्फू, इटली असा तो हिंडला. एल ग्रेकोने ज्याचं व्यक्तिचित्र रंगवलं तो सोळाव्या शतकातला लघुचित्रकार जूलिओ क्लोव्हिओ मूळचा क्रोएशियातल्या ग्रिझाने गावचा. त्याचं चरित्र कुकुल्येविचने लिहिलं. मग कलावंतांचा कोश, मग १८६० मध्ये क्रोएशियन ग्रंथांची सूची. १८६१ पासून काही वर्षं झाग्रेब परगण्याचा कारभारही त्याच्याकडे होता. हा माणूस झोपायचा कधी, कोण जाणे.

राज्याचे जुने हक्क सांगणारे दस्तऐवज त्याने तीन खंडांत छापले, आणि १८७४ पासून सहाव्या शतकापासूनची दानपत्रं नि राजाज्ञा. हे सगळं वाचायला लागत होती लॅटिन! सभागृहातून बाहेर काढलेल्या भाषेशी त्याचा अभ्यासिकेतला संसार असा आयुष्यभर चालला.

त्याने जमवलेली पुस्तकं आणि हस्तलिखितं १८६८ मध्ये झाग्रेबच्या नव्या अकादमीने विकत घेतली. तिच्या ग्रंथालयाचा पाया त्यांनीच घातला.