दीड मिनिटाचा माल

युद्धापूर्वी युक्रेन महिन्याला साधारण 50 लाख टन धान्य परदेशी धाडायचा. सरळ भागाकार केला तर मिनिटाला 115 टन, म्हणजे रात्रंदिवस दर मिनिटाला साडेचार ट्रक. तरी ते कुणाच्या डोळ्यांवर येत नसे, कारण जवळजवळ सगळं ओदेसा आणि आसपासच्या बंदरांतून समुद्रमार्गे जायचं. समुद्राच्या पोटात काय काय मावतं, हे किनाऱ्यावरून कळत नाही.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने हल्ला केला आणि बंदरं बंद पडली. (आपल्याकडे सूर्यफुलाच्या तेलाचा डबा त्यानंतर कडाडला, तो इथूनच.) तिकडे कोठारांत 2 कोटी टन धान्य अडकून पडलं. पन्नास किलोची 40 कोटी पोती! महाराष्ट्रातल्या तान्ह्या पोरासकट प्रत्येकाच्या नावे तीन-तीन पोती उतरवली तरी थोडी उरतील. 25 टनांच्या ट्रकांत भरायचं तर 8 लाख ट्रक लागतील. एका ट्रकला 20 मीटर जागा धरली तर रांग 16,000 किलोमीटरची. समृद्धी महामार्गावर मुंबई ते नागपूर अशा बावीस-तेवीस रांगा शेजारी-शेजारी उभ्या कराव्या लागतील.

मग रेल्वेने का नाही न्यायचं? तिथे चार बोटं आडवी आली. युक्रेनच्या रुळांमधलं अंतर 1520 मिलिमीटर, पोलंडच्या बहुतेक रुळांमधलं 1435. फरक फक्त 85 मिलिमीटरचा, पण त्यापायी सरहद्दीवर प्रत्येक वाघीण थांबते. एक तर ती जॅकवर उचलायची, खालचा चाकांचा सांगाडा ढकलून बाहेर काढायचा आणि दुसरा सरकवायचा; नाही तर सगळं धान्य एका वाघिणीतून दुसरीत ओतायचं. हे शेकडो वेळा केलं की एका मध्यम जहाजाचा माल पलीकडे जातो. 1 ऑगस्ट 2022 ला संयुक्त राष्ट्रं आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीने झालेल्या धान्य करारानुसार ओदेसाहून पहिलं जहाज सुटलं, ‘राझोनी’. त्यात 26,000 टनांहून जास्त मका होता. हजारावर ट्रकांचा माल एका खेपेत! आणि लेबननमधल्या ज्या व्यापाऱ्यासाठी तो निघाला होता, त्याने उशीर झाला म्हणून घ्यायला नकार दिला.

तोवर युरोपीय संघाने युक्रेनच्या मालावरची जकात उठवली होती आणि जमिनीवरून धान्य पश्चिमेकडे ढकलायला सुरुवात झाली होती. ते पुढे बंदरांपर्यंत जावं, अशी कल्पना. पण वाहतूक महाग, वाघिणी अपुऱ्या. त्यामुळे बरंचसं वाटेतच विकलं गेलं. पोलंडने 2021 मध्ये युक्रेनकडून जेमतेम 3 हजार टन गहू घेतला होता, 2022 मध्ये 5 लाखांवर. मका 6 हजार टनांवरून 18 लाखांवर, म्हणजे तीनशे पट!

तरीही पोलंडचं स्वतःचं वर्षाचं पीक साडेतीन कोटी टनांच्या घरात. बाहेरून आलेलं त्याच्या सात टक्केसुद्धा नाही. पण लासलगावच्या शेतकऱ्याला हे समजवायची गरज नाही: बाजार कोलमडायला दुप्पट आवक लागत नाही, थोड्या जादा गाड्या पुरतात. त्यात पोलिश कृषिमंत्र्यांनी 2022 च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांना धान्य विकायची घाई करू नका, भाव चढतील, असं सांगितलेलं. भाव पडले. मंत्रिमहोदय हेन्रिक कोवाल्चिक 5 एप्रिल 2023 ला पायउतार झाले, नेमके युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की वॉर्सात असताना. दहाच दिवसांनी पोलंड आणि हंगेरीने आयातबंदी केली, मागोमाग स्लोव्हाकियाने. सुरुवातीला पोलंडमधून नुसतं पार जायलाही मनाई होती. नंतर परवानगी मिळाली, पण इलेक्ट्रॉनिक सील ठोकून, गाडीवर नजर ठेवून. युद्धातला जिवलग मित्र, आणि त्याच्या मक्याच्या गाडीला सील! मला यात कुणालाच खलनायक ठरवता येत नाही. सप्टेंबरात युक्रेनने या तिन्ही मित्रांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली.

जुलै 2023 मध्ये रशिया धान्य करारातून बाहेर पडला. वर्षभरात त्या वाटेने सुमारे 3 कोटी 30 लाख टन माल गेला होता. मग युक्रेनने रुमानिया-बल्गेरियाच्या किनाऱ्याला चिकटून स्वतःची सागरी वाट काढली आणि काही महिन्यांत पुन्हा लाखो टन जहाजांवर चढू लागले.

रुळांवरचा राग मात्र शमला नव्हता. फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस पोलंडमधल्या कोतोमिएश स्थानकात रात्री कुणीतरी आठ वाघिणींची तळाची झाकणं उघडली. धान्य खडीवर, स्लीपरांमध्ये, रुळांवर सांडलं. युक्रेनच्या म्हणण्यानुसार ते पोलंडसाठी नव्हतंच. गदान्स्क बंदरातून परदेशी जाणार होतं. माणशी दिवसाला अर्धा किलो धरला तर तेवढ्यात आठ-नऊशे माणसांचं वर्ष निघालं असतं. फोटोंत पिवळे ढीग दिसतात, जगभर छापले गेलेले. वजन 160 टन. ओदेसाच्या जुन्या वेगाने मोजलं तर दीड मिनिटापेक्षाही कमी.