नसीमादीदींचे काम आणि आपल्या विहाराच्या पायऱ्या

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडले. कॉलेज, खेळ, नाच सगळे एका झटक्यात थांबले. पुढे त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही स्वतः पॅराप्लेजिक. अशा अवस्थेतही माणूस कमावतो, फिरतो आणि दुसऱ्याला आधार देतो, हे दीदींनी त्यांच्याकडे पाहून ओळखले. त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. उचगावचे ‘घरौंदा’ वसतिगृह, अपंग आणि धडधाकट मुले एका वर्गात बसतात ती समर्थ शाळा, सिंधुदुर्गातला स्वप्ननगरीचा काजू प्रकल्प ही सगळी त्याच कामाची पुढची पावले.

पुस्तक वाचून डोळ्यांत पाणी आणणारे बरेच भेटतात. मला नर्स म्हणून त्यातले दुसरेच महत्त्वाचे वाटते. पॅराप्लेजिक माणूस पाय गेल्याने मरत नाही. तो मरतो बेडसोअरने आणि लघवीच्या इन्फेक्शनने. पूर्वी अशा पेशंटला ‘आता घरी न्या’ एवढेच सांगत. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन या डॉक्टरांनी १९४४ पासून दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलण्याचा आणि मूत्राशय स्वच्छ ठेवण्याचा नियम लावला, आणि ज्यांची आशा सोडली होती ती माणसे जगू लागली. गुटमन ज्यू होते, नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले. ही गोष्ट आपल्या वाचकांना मुद्दाम सांगते.

घरी असा पेशंट असेल तर एवढे पाळा. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. खुर्चीत बसलेला असेल तर दर १५-२० मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचे, जमत नसेल तर एका बाजूला कलायचे. रोज आरशाने किंवा दुसऱ्याने माकडहाड, नितंब आणि टाचा पाहायच्या. लाल डाग पडला आणि दाबल्यावरही लाली गेली नाही, तर ती जखमेची सुरुवात समजा. त्या जागेवर अजिबात भार नको, आणि चोळूही नका. मधे भोक असलेली हवेची रिंग बरेच लोक आणतात. ती नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा तुटतो. कॅथेटर थोड्या थोड्या वेळाने स्वतः घालायला शिकवले असेल तर साधारण दर चार ते सहा तासांनी, हात साबणाने धुऊन. लघवी गढूळ झाली, वास आला, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता आपल्या समाजाबद्दल. २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के. फरक आकड्यात छोटा दिसतो. पण गटारात उतरणारे, इमारतीच्या परातीवर, वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला जाणारे हात कोणाचे आहेत हे आपल्याला माहीत आहे. कुपोषण आणि घरीच झालेली अवघड बाळंतपणे हीही कारणे आहेतच.

‘दिव्यांग’ हा शब्द मी वापरत नाही. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ या नावाला विरोध करून सभात्याग केला होता. देवाचे नाव लावून हक्क मिळत नाहीत, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

हक्क कायद्यात आहेत. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात सिकलसेल आला. विदर्भातल्या आपल्या बौद्ध आणि आदिवासी घरांना हा आजार नवा नाही. कंबरेचा खुबा झिजणे, पक्षाघात होणे यातून सिकलसेलचा पेशंट चालण्याफिरण्यातही अपंग होतो. पण प्रमाणपत्र ‘एसएस’ म्हणजे आजार असलेल्याला मिळते, ‘एएस’ वाहकाला नाही. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आहेत, त्यात सिकलसेलवालेही बसतात. नोकरीतल्या ४ टक्क्यांत मात्र रक्ताच्या आजारांना जागाच दिलेली नाही. वर्षानुवर्षे रक्त चढवून घेत शिकलेल्या पोराला दारातून परत पाठवणारा हा कायदा बदलायला हवा, आणि ती मागणी आपल्या निवेदनांत मला क्वचितच दिसते. आणखी एक : अपंगांचे आरक्षण समांतर असते. जातीचा दाखला लावला म्हणून ते जात नाही. दोन्ही कागद जोडा.

आणि आपले विहार? मी गेले त्यातल्या बहुतेक ठिकाणी दारात चार-पाच पायऱ्या, चप्पल काढायला अरुंद ओटा, रॅम्प नाही. चाकाच्या खुर्चीतली आई वंदनेला बाहेर रस्त्यावर थांबते. उचलून आत नेतात, ते प्रेमाने नेतात, पण तिला दर रविवारी चार जणांच्या हातावर यायला लाज वाटते आणि मग ती येणे बंद करते. चवदार तळ्याच्या वारसांच्या दारात हे शोभत नाही. रॅम्पचे माप साधे आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दोन फुटांचा ओटा असेल तर चोवीस फूट, मधे सपाट टप्पा ठेवून वळवता येतो. रुंदी निदान चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, वर खडबडीत कोबा. गुळगुळीत फरशी लावू नका. पावसाळ्यात कुबडी घसरते. नव्या विहाराचा नकाशा काढतानाच एक शौचालय कमोडचे, बाहेर उघडणाऱ्या रुंद दाराचे आणि आत धरायला दांडी असलेले ठेवा, कारण नंतर भिंत फोडायला वर्गणी कोणी देत नाही.

अपंगत्वाच्या कार्डासाठी (यूडीआयडी) ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि मग तपासणीला जावे लागते. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने उपचाराचे कागद जवळ ठेवा. सिकलसेल असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट न विसरता न्या. तपासणी कोणत्या दिवशी असते ते आदल्या दिवशी रुग्णालयात फोन करून विचारा. खुर्चीतल्या पेशंटला दोनदा फेरी मारणे परवडत नाही.